वीस सेकंदांचं रडणं

आबांना सकाळी अकरा वाजता नेलं आणि आईला दुपारी चार वाजता. आबांना अंथरुणातच झटका आला होता, त्याला कुणाचा इलाज नव्हता. आईला मात्र वाचवता आलं असतं. ज्या यंत्रानं तिला धरून दिलं ते घडवायला माझेही हात लागलेत. पाप धुवायचं म्हणून सांगत नाहीये. बोलून पाप धुतलं जात असतं तर आमच्या गडहिंग्लजात एकही माणूस गप्प बसला नसता. पण एकदा सगळं सलग सांगून टाकावं असं फार वाटतं. घरात मोठ्यानं बोलायची सोय नाही, म्हणून वहीत लिहिते आहे.

सोय नाही, कारण भिंतीवर जावई आहे.

त्याचं सरकारी नाव मनोमित्र. पुरणपोळीएवढा गोल, पांढरा, दारासमोरच्या भिंतीवर मानाच्या जागी बसवलेला. तो आला तेव्हा आईनंच त्याचं हे दुसरं नाव ठेवलं. "ह्यो बसलाय म्हणून हळू बोलायचं, भांडायचं न्हाई, रडायचं न्हाई, ह्याला काय वाटंल ते बघायचं. म्हंजे जावईच की!" शेजारच्या बायका पोट धरधरून हसल्या आणि महिन्याभरात निम्मं गाव त्याला जावई म्हणायला लागलं. तेव्हा हसायला येत होतं.

खरं सांगायचं तर तो वाईट हेतूनं आला नव्हता. आत्महत्या फार वाढल्या होत्या. सुरुवातीला लोकांनी स्वतःहून अर्ज करून तो बसवून घेतला, मग कायदा झाला आणि घरोघरी आला. तो घरातले आवाज ऐकतो. शब्द तर ऐकतोच, पण त्याहून जास्त आवाजाची ठेवण ऐकतो. सूर किती वर गेला, किती थरथरला, श्वास कुठं तुटला, दोन शब्दांत किती अंतर पडलं. त्या सगळ्याचा मिळून तो एक आकडा काढतो. आकडा ठरलेल्या पट्ट्यात राहिला तर हिरवा दिवा. वर गेला तर पिवळा. फारच वर गेला तर लाल, आणि लाल झाला की गाडी निघते. दुःखालासुद्धा पट्टा आहे. माणूस गेल्यावर पहिले तीन दिवस किती, तेराव्यापर्यंत किती, महिन्यानं किती, सगळं ठरलेलं. शाळेत पोरांना 'शांत शोक' नावाचा धडाच आहे.

लोकांना वाटतं यंत्राला दुःख कळतं. डोंबल कळतं! त्याला एवढंच कळतं, की असल्या आवाजाला पूर्वी माणसांनी काय म्हटलं होतं. आधी लाखो आवाज माणसांना ऐकवायचे, माणसांनी त्यावर शिक्के मारायचे, आणि यंत्रानं ते शिक्के गिरवत बसायचं. गिरवता गिरवता ते इतकं तरबेज होतं, की कधी न ऐकलेल्या आवाजावरही बिनचूक शिक्का मारतं. बिनचूक म्हणजे माणसांनी मारला असता तसा. माणसं चुकलेली असतील तर यंत्र ती चूकही तेवढ्याच मन लावून गिरवतं.

त्या माणसांत मी होते. चौदा वर्षांपूर्वी, कोल्हापुरात, एका कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर. कानाला हेडफोन, समोर तीन बटणं: हिरवं, पिवळं, लाल.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. मयताच्या घरी बायका हेल काढून रडायच्या. माहेरवाशीण गल्लीच्या तोंडापासूनच सूर लावायची, घरातली बाई उंबऱ्यात येऊन तिच्या गळ्यात पडायची, आणि मग दोघींचं सुरू. नुसतं रडणं नव्हे. त्यात मेलेल्या माणसाशी बोलणं असायचं. त्याचे गुण, त्याच्याशी झालेली भांडणं, राहून गेलेल्या गोष्टी. "माझ्या राजाऽऽ, आता कुणाच्या तोंडाकडं बघू रंऽऽ, मलाबी ने की रं संगंऽऽ." ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. आणि दहा-पंधरा मिनिटांनी तीच बाई पदरानं तोंड पुसून आलेलीला विचारायची, "कधी निघालीस? काय खाल्लंस का न्हाई?" हेल काढून झाला की बाई मोकळी व्हायची. ते औषधच होतं.

कंपनीत आम्हाला ऐकवायचे ते तुकडे वीस सेकंदांचे. त्यात 'मलाबी ने' यायचं, 'काय खाल्लंस का' यायचं नाही.

असले तुकडे लाखोंमध्ये जेमतेम दोनशे होते, आणि ते सगळे माझ्याच वाट्याला आले, कारण आमच्या भागातली मी एकटी होते. पहिला तुकडा लागला तेव्हा नेमकी हेडफोनची पिन सुटली आणि तो आवाज खोलीभर झाला. पुण्याहून आलेली पोरं दचकली आणि मग हसत सुटली. एकजण म्हणाला, "धनश्री, हे काय गं, गिरणीचा भोंगा? तुमच्याकडे असं रडतात?"

मी म्हणाले, "छे! आमच्याकडं नाही बाई. कुठल्यातरी खेड्यातल्या असतील."

आणि लाल बटण दाबलं. नियमातही बसत होतं, मरणाची इच्छा बोलून दाखवली की लाल. खाली शेरा लिहायला जागा होती. 'ही रीत आहे, पुढचं ऐका' एवढं लिहिलं असतं तर कुणीतरी वाचलं असतं. पण मग ही रीत मला ठाऊक आहे हे कळलं असतं, आणि माझी आईही तशीच रडते हेही. दोनशेच्या दोनशे तुकड्यांवर मी लाल मारलं. लाज वाटली म्हणून, दुसरं काही कारण नाही.

आबा गेले त्या दिवशी तानूआत्या, आबांची थोरली बहीण, आजऱ्याहून पोचली तेव्हा दोन वाजले होते. आबांना नेऊन झालं होतं. आत्या काळाबरोबर शहाणी झालेली. खालमानेनं आत आली आणि तोंडाला पदर लावून गप बसली. आईही सकाळपासून मुकाट होती. पण नणंद दिसली आणि तिचा बांध फुटला. जन्मभर जे केलं तेच तिनं केलं. आत्याच्या गळ्यात पडली आणि हेल काढला.

"वन्संऽऽ, माझा धनी गेला वोऽऽ, पन्नास वर्सं संगं काढली, जाताना एक शबुद बोलला न्हाई वोऽऽ, मला कशाला मागं ठेवलंस रंऽऽ!"

"आई, गप! आई, ऐक माझं!" मी पळत गेले. तिला कुठलं ऐकू येतंय. भिंतीवरचा दिवा पिवळा झाला, मग लाल.

दहा मिनिटांनी आईनं डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि शेजारणीनं आणलेला चहा आत्यापुढं सारत म्हणाली, "घ्या वन्सं, घोटभर घ्या. एस्टीनं आलायसा, उपाशीच असशीला."

गाडी आली तेव्हा ती आत्याला आबांनी गेल्या आठवड्यात स्वतः झाडावर चढून काढलेल्या फणसाची गोष्ट सांगत होती आणि थोडं हसतही होती. गाडीतून दोन मुली उतरल्या, गोड बोलणाऱ्या. "मावशी, थोडे दिवस विश्रांतीला चला बरं."

मी म्हणाले, "अहो, ती शांत झालीय. बघा तरी तिच्याकडं."

त्यातली एक म्हणाली, "ताई, लालनंतरची शांतता जास्त धोक्याची असते. आम्हाला तसंच शिकवलंय."

आई बिचारी माझ्याकडं वळली. "अगं, आज तर गेल्यात ते. मी घर सोडून कशी जाऊ? त्यांच्या जागेवर दिवा लावलाय, त्येला त्याल कोण घालंल?"

तेल मी घातलं. आबांचा तेरावा आईशिवाय झाला.

आईला ठेवलं होतं ते दिलासा केंद्र म्हणजे हायवेवरचं बंद पडलेलं इंजिनिअरिंग कॉलेज. वर्गावर्गात खाटा टाकलेल्या. तिथं मारत नाहीत, कोंडत नाहीत, जेवणही बरं असतं, खोटं कशाला बोलू. नूतन म्हेत्रे नावाच्या समुपदेशक बाईंनी मला नियम सांगितला. एकवीस दिवस सलग आकडा पट्ट्यात राहिला की घरी. मध्ये एकदा जरी लाल झाला, तर मोजणी पुन्हा एकपासून.

नवव्या दिवशी लाल झाला. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिचा भाऊ गेल्याचा निरोप आला होता.

"आई, तुझा काय संबंध?" मी चिडून विचारलं. "तुझा भाऊ गेला का? कशाला तिच्या गळ्यात पडलीस?"

"मग? तिला हितं कोण हाय गं?" आईला माझंच नवल वाटत होतं. "भाऊ मेला तिचा. संगं रडायला एक बाई नको?"

मी तशीच कोल्हापूरला गेले. कंपनीत आमचे वरिष्ठ होते ते इरफान मुल्लासर आता सरकारच्या फेरतपासणी विभागात होते. त्यांना मी सगळं सांगितलं, हेडफोनची पिन, पोरांचं हसणं, माझं 'छे', काही लपवलं नाही. सरांनी टेबलावरचा चष्मा उचलून पुसायला घेतला.

"चूक दुरुस्त होते, धनश्री," ते म्हणाले. "उलट उदाहरणं द्यायची. अशी चाळीस पूर्ण रेकॉर्डिंगं, की बाई तशी रडली, तिला कुणी नेलं नाही, आणि नंतर ती नीट राहिली. एवढं मिळालं तर यंत्र आपोआप शिकेल."

"मग शोधा की, सर. तुमच्याकडं सगळी घरं आहेत."

"शोधलीत. तू येण्याआधीच, गेल्या वर्षी. आपल्या जिल्ह्यात एकही नाही. जी रडली तिला नेलं. आणि नेलं, ती जगली, म्हणजे नेल्यामुळं जगली असं यंत्र धरतं. बाकीच्यांनी तसं रडणंच सोडलं." सरांनी चष्मा घातला. "वरच्या अहवालात याला यश म्हटलंय. तसलं रडणं शून्यावर आणलं म्हणून."

"आणि नवीन रेकॉर्डिंगं केली तर? माझ्या परवानगीनं, माझ्या जबाबदारीवर?"

"चाळीस बायका मिळाल्या तर कर. मी गाडी थांबवून धरतो."

मिळाल्या नाहीत. मी पंधरा दिवस गावोगाव फिरले, जुन्या बायकांच्या हातापाया पडले. माणूस गेलेलं नसताना हेल काढायचा, हे ऐकूनच त्या कानावर हात ठेवायच्या. जित्या माणसांच्या घरात तसं रडलं की घरावर अवदसा येते, हे लहानपणापासून मलाही माहीत होतं. एका म्हातारीनं तर मला दारातूनच हाकललं. शेवटी तानूआत्याकडं गेले. आईसाठी तिनं डोळे मिटले, सूर लावून बघितला, आणि लगेच थांबली.

"न्हाई जमत गं. भावाचं रडं त्याच दिशी गिळलं, आता वर येत न्हाई. मग कुणाच्या नावानं रडू? तुझ्या? ती काय गवळण हाय व्हय, म्हण म्हटलं की म्हणायला? आतनं यावं लागतं."

मग एकच वाट उरली. यंत्र बदलत नाही तर आईला बदलायचं. आणि ते शिकवायला माझ्याइतकं लायक कोण होतं? यंत्राचे कान मीच तर घडवले होते. रोज भेटीच्या अर्ध्या तासात, कॉलेजच्या बागेतल्या बाकावर बसून मी सत्तरीच्या आईची शिकवणी घेतली.

"आधी श्वास घ्यायचा, मग बोलायचं. वाक्य लहान करायचं. शेवटी सूर खाली सोडायचा. म्हण, त्यांची आठवण येते, पण मी बरी आहे."

"त्यांची आटवण येती. पण मी बरी हाय."

"छान. अजून सपाट."

"पाव्हण्याम्होरं बोलत्यात तसं बोल म्हण की सरळ." आई हसली. मग तिचा चेहरा पडला. "आणि उमाळा आला तर गं? तो काय इचारून येतोय?"

"पदर धर तोंडात. दातांनी घट्ट दाब. तीन-चार मिनिटांत उतरतो. आवाज बाहेर पडू द्यायचा नाही, काहीही होऊ दे."

"काईबी होऊ दे," आईनं शहाण्या विद्यार्थिनीसारखं म्हटलं.

ती शिकली. एकवीस दिवस हिरवे गेले. नूतन म्हेत्रेबाई मला म्हणाल्या, "आईंनी फार सुंदर प्रगती केली हो," आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच कौतुक होतं. गाडीतून येताना आईनं काचेतून उसाचे मळे बघितले आणि म्हणाली, "मी बरी हाय." मी काही विचारलंही नव्हतं.

घरी आल्यावरही ती तशीच राहिली. सकाळी उठायची, चहा करायची, भाजी निवडायची. आबांचं नाव नाही, भाजीवालीशी हुज्जत नाही, माझ्यावर ओरडणं नाही. दूध उतू गेलं तरी गॅस बंद करून फडक्यानं पुसायची, चकार शब्द नाही. आणि मला आनंद झाला होता! माझी आई परत मिळाली म्हणून मी शाळेत पेढे वाटले. दोन सेकंदांत आवाज ओळखणारी मी, पण मला वाटलं, आई सावरली.

मी त्या शाळेत कारकून आहे. त्या गुरुवारी दुपारी घरीच बसून दाखल्यांचं काम करत होते. मधल्या खोलीत मी, स्वयंपाकघरात आई, मधलं दार उघडं. अडीचला भांड्याचा आवाज आला, मग काही नाही. साडेतीनला मी चहाला उठले. आई ओट्याखाली भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही हात छातीवर आवळलेले. तोंडात पदराचा बोळा होता, आणि दात त्यावर इतके घट्ट बसले होते, की डॉक्टर आले तरी तो सुटेना.

डॉक्टर तरुण होते. "बराच वेळ दुखत असणार हो, अर्धा-पाऊण तास तरी. हाक नाही मारली त्यांनी?"

"नाही," मी म्हणाले.

मी बारा फुटांवर होते. नुसतं 'आई गं' म्हणाली असती तरी मी धावले असते. दवाखाना दोन गल्ल्या सोडून आहे. पण ओरडलं तर गाडी येते आणि पुन्हा एकपासून मोजतात, एवढं तिच्या मनात पक्कं बसलं होतं, आणि ते मी बसवलं होतं. जावयाची त्या दुपारची नोंद मी नंतर बघितली. सगळी दुपार हिरवी होती. त्याच्या हिशेबानं आमच्या घरात एक बाई समाधानानं बसली होती. आई, मला माफ कर असं म्हणायलाही मला तोंड नाही.

संध्याकाळी पाचला तानूआत्या आली. आईला बाहेरच्या खोलीत निजवलं होतं. भोवती पंधरा-वीस बायका बसल्या होत्या, माना खाली, रुमाल नाकाला, सगळ्या नीट पट्ट्यात. आत्या आईच्या उशाशी बसली, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि माझ्याकडं बघितलं.

"रड की गं पोरी. आई गेली तुझी."

"रडतेय की, आत्या." माझ्या गालांवरून खरंच पाणी येत होतं.

"हे व्हय रडणं?" आत्या हळूच म्हणाली. "गावातल्या कुणाच्या दारात रडली न्हाई ही? कुणाकुणाच्या गळ्यात पडली. आणि हिच्यासाठी कुणीच न्हाई व्हय रडणार? अशीच धाडायची, मुकी?"

मी तोंड उघडलं. दोनशे बायकांचे हेल मी ऐकलेत. सूर कुठं चढतो, श्वास कुठं तुटतो, नाव कुठं लांबतं, मला आजही कागदावर काढून दाखवता येईल. 'आई' एवढाच शब्द लांबवायचा होता. आला नाही. घशातून बारीक, सपाट, नीटस काहीतरी आलं आणि संपलं.

"ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली. तिनं पदर खोचला, आईच्या छातीवर डोकं टेकलं आणि सूर लावला. "मालनऽऽ, माझ्या बायऽऽ, माझ्या आदी गेलीस गंऽऽ, कुणाला सांगू गंऽऽ, एकली कशी मेलीस गंऽऽ!"

खोलीतल्या सगळ्या माना वर झाल्या. कोपऱ्यातली एक म्हातारी हमसून पुढं सरकली. कुणीतरी माझ्या आईचं नाव हवं तसं घेत होतं. आणि भिंतीवरचा दिवा पिवळा झाला.

आत्या पंचाहत्तरची. आजऱ्याला एकटी राहणारी. माझं म्हणावं असं तेवढं एकच माणूस उरलेलं. हिला नेलं तर ही एकवीस दिवस गप बसायला शिकणार नाही, हे मला माहीत होतं. आणि शिकली तर काय होतं, तेही माझ्यासमोर निजलं होतं. मी उठले, आत्याजवळ गेले आणि तिच्या तोंडावर हात ठेवला.

"गप, आत्या. नेतील तुला. पाया पडते, गप."

तिनं माझं मनगट धरलं. आजही तिच्या हातात जोर आहे, तिला झटकता आलं असतं. तिनं माझ्याकडं बघितलं, खूप वेळ बघितलं, आणि माझ्या तळव्याखाली तिचा आवाज हळूहळू खाली गेला. दिवा हिरवा झाला. मग मी तिच्याशेजारी बसले, आणि आम्ही दोघी, सगळे रडतात तशा, रडलो.